तडजोडीच्या हुकूमनाम्याला आव्हान: कारण कोणते आणि दार कोणते

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा चालू असतो, मध्येच भावकीतले चार जण बसतात, तडजोड ठरते, तिची पुरसिस, म्हणजे अटी लिहून सह्या केलेला कागद, न्यायालयात दाखल होते आणि तिच्या आधारे हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निर्णायक आदेश, निघतो. वर्ष-दोन वर्षांनी सात-बाऱ्यावरून आपले नाव गेलेले दिसते, तेव्हा एखादी बहीण म्हणते की त्या कागदात काय लिहिले आहे हे मला कोणी वाचून दाखवलेच नव्हते. अशा वेळी तो हुकूमनामा रद्द होऊ शकतो का? होऊ शकतो, पण त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली म्हणजे कायद्याला मान्य असलेले कारण. तडजोडीच्या अटी कुणाच्या फायद्याच्या होत्या हे न्यायालय सहसा तपासत नाही. संमती खरी होती का, एवढेच ते तपासते. दुसरी म्हणजे योग्य दार. कारण सोळा आणे खरे असूनही चुकीच्या न्यायालयात किंवा चुकीच्या स्वरूपात तक्रार नेल्यामुळे अनेकांची वर्षे वाया गेलेली आहेत.

तडजोडीच्या हुकूमनाम्याचा पाया दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २३ नियम ३ मध्ये आहे. दाव्यातला वाद पक्षकारांनी कायदेशीर कराराने पूर्णपणे किंवा अंशतः मिटवला आहे, तो करार लेखी आहे आणि त्यावर पक्षकारांच्या सह्या आहेत, असे न्यायालयाचे समाधान झाले तर न्यायालय ती तडजोड नोंदवून घेते आणि तिच्याप्रमाणे हुकूमनामा करते. प्रतिवादीने वादीची मागणी प्रत्यक्षात भागवली असेल, उदाहरणार्थ पैसे चुकते केले असतील किंवा ताबा दिला असेल, तर तीही तडजोडच धरली जाते. ‘लेखी आणि सहीचा’ ही अट १९७६ च्या दुरुस्तीने आली आणि ती १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाली. न्यायालयात उभे राहून तोंडी ‘आमचे मिटले’ म्हणणे पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गुरप्रीत सिंग विरुद्ध चतुर्भुज गोयल या १९८८ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

असा हुकूमनामा दुहेरी स्वभावाचा असतो. वरून तो न्यायालयाचा आदेश असतो, त्यामुळे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून तो अमलात आणता येतो. आतून तो पक्षकारांचा करार असतो, त्यामुळे करार ज्या कारणांनी मोडू शकतो त्याच कारणांनी तोही मोडू शकतो. पुढचे सगळे नियम या दुहेरी स्वभावातून निघतात.

पुरसिस नावाचा कागद

आव्हान देण्याचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी दाव्याच्या फाइलमधील तडजोड पुरसिसची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित प्रत नकलेचा अर्ज करून काढावी. ऐकीव माहितीवर अर्ज लिहिण्यात अर्थ नाही. पुरसिस साधारणपणे दोन-चार पानांची असते. वर दाव्याचा क्रमांक आणि पक्षकारांची नावे, मध्ये गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि कोणाला काय मिळाले याचा तपशील, शेवटी ‘सदरची तडजोड उभयतांनी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता केली असून ती आम्हांस वाचून दाखविली, समजली व मान्य आहे’ अशा अर्थाचे ठरावीक वाक्य, आणि त्याखाली सह्या-अंगठे, वकिलांच्या सह्या व पक्षकार ओळखत असल्याची नोंद.

या शेवटच्या वाक्याला किती वजन आहे, याबद्दल लोकांच्या मनात दोन टोकांच्या समजुती असतात. काहींना वाटते की ते वाक्य आहे म्हणजे आता काहीच करता येणार नाही. काहींना वाटते की ते छापील वाक्य आहे, त्याला कोण विचारतो. दोन्ही चूक आहेत. ते वाक्य म्हणजे सही करणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा त्याचाच कबुलीचा पुरावा असतो. तो खोडून काढता येतो, परंतु खोडण्याचा भार आता त्याच्या अंगावर येतो. रोजनाम्यात आणखी महत्त्वाची गोष्ट सापडू शकते: त्या दिवशी पक्षकार जातीने हजर होते का, न्यायाधीशांनी त्यांना तडजोड समजली का असे विचारले का, आणि त्यांनी काय उत्तर दिले. ‘पक्षकार हजर, मजकूर समजावून सांगितला, मान्य असल्याचे सांगतात’ अशी नोंद असेल तर लढाई अवघड आहे. ‘उभय वकील हजर, पुरसिस दाखल’ एवढीच नोंद असेल तर विचार करण्यास जागा आहे.

बहुतेक वाद इथेच जन्माला येतात, असे माझे मत आहे. गर्दीच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, पन्नास प्रकरणे असताना तडजोड आली म्हणजे न्यायालयालाही हायसे वाटते, वकिलांनाही वाटते, आणि दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. कायद्याची अपेक्षा तशी नाही. तडजोड कायदेशीर आहे याबद्दल स्वतःचे समाधान करून घेणे हे न्यायालयाचे काम आहे, नुसता शिक्का उमटवणे नव्हे, हे बनवारीलाल विरुद्ध चंदो देवी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठासून सांगितले आहे.

बंद असलेली दारे

हुकूमनामा मान्य नाही म्हटले की पहिला विचार अपिलाचा येतो. परंतु संहितेचे कलम ९६ (३) सांगते की पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. ज्या गोष्टीला आपण ‘हो’ म्हटले तिच्याबद्दल वरच्या न्यायालयात ‘नाही’ म्हणता येत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब आहे.

दुसरा विचार नव्या दाव्याचा. जुना हुकूमनामा फसवणुकीने मिळवला आहे, तो रद्द ठरवावा, असा स्वतंत्र दावा लावण्याची पद्धत पूर्वी होती. १९७६ च्या दुरुस्तीने आदेश २३ मध्ये नियम ३-अ घातला आणि हे दार बंद केले: ज्या तडजोडीवर हुकूमनामा आधारलेला आहे ती तडजोड कायदेशीर नव्हती, या कारणावर हुकूमनामा रद्द करून मागणारा दावा चालणार नाही. एका दाव्यातून दुसरा दावा आणि दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी तोडणे हा त्याचा उद्देश होता. आजही असे दावे लावले जातात. प्रतिवादी वादपत्र फेटाळण्याचा अर्ज देतो, त्यावर दोन-तीन वर्षे जातात, आणि शेवटी नियम ३-अ कडे बोट दाखवून दावा संपतो. ‘हुकूमनामा माझ्यावर बंधनकारक नाही असे जाहीर करावे’ अशी शब्दरचना बदलून केलेली मागणीही आतून तीच असेल तर टिकत नाही. पक्षकाराकडून नंतर जमीन घेतलेल्या किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या त्रयस्थालाही वेगळा दावा लावता येणार नाही, असे त्रिलोकीनाथ सिंग विरुद्ध अनिरुद्ध सिंग या २०२० च्या निकालात ठरले आहे.

मग उघडे दार कोणते? ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली तेच. पुष्पादेवी भगत विरुद्ध राजिंदर सिंग या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व नियम एकत्र मांडले. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. तडजोड नोंदवण्याच्या आदेशावर पूर्वी जे स्वतंत्र अपील होते तेही १९७६ च्या दुरुस्तीने काढून टाकले आहे. स्वतंत्र दावा नाही. म्हणून तडजोड झालीच नव्हती किंवा ती कायदेशीर नव्हती असे म्हणणाऱ्याने त्याच न्यायालयात, नियम ३ च्या परंतुकाखाली (नियमाला जोडलेल्या ‘परंतु...’ अशा पुरवणी तरतुदीखाली), हुकूमनामा मागे घेण्याचा अर्ज करावा. तडजोड झाली असे एक पक्ष म्हणतो आणि दुसरा नाकारतो, तेव्हा त्या प्रश्नाचा निर्णय त्याच न्यायालयाने करायचा, असे ते परंतुक आहे. तारखांवर तारखा देऊ नयेत, द्यायचीच झाली तर कारण लिहून द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. त्याचे पालन किती होते हा वेगळा विषय.

येथे एक फट आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आदेश ४३ नियम १-अ म्हणतो की तडजोड नोंदवून झालेल्या हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात ‘ही तडजोड नोंदवायलाच नको होती’ असा मुद्दा घेता येतो. त्यामुळे काही निकालांत अर्ज आणि अपील असे दोन्ही मार्ग मोकळे धरलेले दिसतात; बनवारीलालचा निकाल त्यांतलाच आहे. तरीही तडजोडीचा पक्षकार असलेल्या व्यक्तीने प्रथम त्याच न्यायालयात अर्ज करणे हा सुरक्षित मार्ग होय. सही कशी झाली, कोण हजर होते, पैसे कोणी दिले, या गोष्टींना पुरावा लागतो, आणि तो घेण्याची सोय मूळ न्यायालयात असते.

कोणती कारणे चालतात

नियम ३ खालच्या स्पष्टीकरणात एकच वाक्य आहे, पण सगळा विषय त्यात आला: भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे जो करार शून्य किंवा शून्यकरणीय आहे तो या नियमापुरता कायदेशीर समजला जाणार नाही. शून्य म्हणजे मुळातच नसलेला करार. शून्यकरणीय म्हणजे ज्याची संमती दूषित होती त्याच्या मर्जीने मोडता येणारा. म्हणजे आपली तक्रार करार अधिनियमाच्या भाषेत बसवावी लागते. जबरदस्ती कलम १५ मध्ये, गैरवाजवी प्रभाव कलम १६ मध्ये, कपट कलम १७ मध्ये आणि गैरसमज करून देणारे कथन कलम १८ मध्ये आहे. दोन्ही बाजूंची वस्तुस्थितीबद्दल एकच चूक झाली असेल, उदाहरणार्थ जो गट नंबर वाटून घेतला तो आधीच संपादित झालेला होता आणि कोणालाच ते ठाऊक नव्हते, तर कलम २० प्रमाणे करार शून्य ठरतो. बेकायदा उद्देशाचा करार कलम २३ खाली येतो.

घरगुती वादांत सर्वांत जास्त उपयोगी आणि सर्वांत जास्त गैरसमजाचे कलम १६ आहे. समजा, वडील वारल्यानंतर थोरला भाऊच सगळा व्यवहार पाहतो, विधवा आई त्याच्याकडेच राहते, तिचे औषधपाणी त्याच्याच हातात आहे, आणि आईने आपला हिस्सा त्याला सोडल्याची तडजोड झाली. येथे भाऊ आईच्या मनावर प्रभाव टाकण्याच्या स्थितीत होता हे नात्यावरून आणि परिस्थितीवरून दिसते. एका बाजूने प्रभाव टाकता येण्याजोगी स्थिती आणि दुसऱ्या बाजूने वरकरणीच अन्याय्य वाटणारा व्यवहार, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या की प्रभाव टाकला नाही हे दाखवण्याचा भार फायदा घेणाऱ्यावर जातो. निरक्षर किंवा व्यवहाराची माहिती नसलेल्या स्त्रियांच्या बाबतीत न्यायालये आणखी सावध असतात: कागद तिला तिच्या भाषेत समजावून सांगितला होता आणि तिला स्वतंत्र सल्ला मिळण्याची संधी होती, हे कागदाचा लाभ घेणाऱ्याने दाखवावे अशी अपेक्षा धरली जाते. नुसते वय जास्त आहे, नाते जवळचे आहे, एवढ्यावर मात्र प्रभाव सिद्ध होत नाही.

कपटाच्या बाबतीत कलम १९ मधील एका अपवादाकडे दुर्लक्ष होते. समोरच्याने गैरसमज करून देणारे कथन केले किंवा गप्प राहून फसवले, पण साधी दक्षता घेतली असती तर खरे काय ते आपल्याला कळले असते, तर करार मोडता येत नाही. सात-बारा आणि फेरफार आता घरबसल्या पाहता येतात. त्यामुळे ‘एकूण जमीन किती हेच मला माहीत नव्हते’ या म्हणण्याला समोरून पहिला प्रश्न येतो: पाहिले का नाही? मात्र खोटा उतारा हातात दिला असेल, एखादा गट दाव्याच्या यादीतून मुद्दाम वगळला असेल, तर चित्र बदलते. न्यायालयापासून महत्त्वाचा दस्तऐवज दडवून मिळवलेला हुकूमनामा ही न्यायालयाचीच फसवणूक असते, हे एस. पी. चेंगलवराय नायडू यांच्या १९९३ च्या प्रकरणापासून पक्के झालेले तत्त्व आहे.

काय चालत नाही, तेही पाहिले पाहिजे. ‘जमिनीचे भाव नंतर वाढले’, ‘वकिलांनी घाई केली’, ‘आता विचार करता मला कमी मिळाले असे वाटते’ ही कारणे नाहीत. कलम २२ म्हणते की एकाच बाजूची चूक झाली म्हणून करार मोडत नाही. कायद्याचे अज्ञान हेही कारण नाही. ते कलम २१ मध्ये आहे. या शेवटच्या मुद्द्याचा फटका बहिणींना बसतो. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मिळणारा, हक्क मिळाला, परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या; २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद पुसला; आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने वडील केव्हा वारले याला महत्त्व नाही हे ठरवले. त्यानंतर अनेक बहिणींना वाटले की आपण आधी केलेल्या तडजोडी आपोआप उघडतील. तसे होत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटपाला हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ (५) चे संरक्षण आहे, आणि त्यानंतरच्या तडजोडीत ‘माझा समान हक्क होता हे मला कळले नव्हते’ हे कारण एकटे पुरत नाही. त्याच्या जोडीला फसवणूक किंवा प्रभाव दाखवावा लागतो.

सही नसलेले, सही दुसऱ्याने केलेले आणि अज्ञान

बहिणीची सहीच नसेल तर मात्र प्रश्न पुष्कळ सोपा होतो. प्रशांत कुमार साहू विरुद्ध चारुलता साहू या ओडिशातील वाटपाच्या प्रकरणात एका बहिणीने आपला हिस्सा भावाला देण्याचा समझोता केला होता. दुसऱ्या बहिणीची, म्हणजे जिने १९८० मध्ये दावा लावला तिचीच, त्यावर सही नव्हती. वाटपाच्या दाव्यात सर्व पक्षकारांची लेखी संमती नसलेली तडजोड नियम ३ च्या अर्थाने कायदेशीर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. दाव्यात जिला पक्षकारच केले नव्हते तिची गोष्ट आणखी वेगळी: ज्या दाव्यात ती नव्हती त्यातला करार तिने केलेलाच नाही, आणि ‘तू संमती दिली होतीस’ हे तिला कोणी म्हणू शकत नाही.

वकिलाने एकट्याने सही केली असेल तर? येथे आपल्या मुंबईतून गेलेले प्रकरण महत्त्वाचे आहे. बायरम पेस्तनजी गारीवाला विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नियम ३ मधील ‘पक्षकारांची सही’ यात अधिकृत वकिलाची सहीही येते. १९७६ च्या दुरुस्तीने वकिलांचा परंपरेने चालत आलेला अधिकार काढून घेतलेला नाही. त्यामुळे ‘मी सही केली नाही, वकिलांनी केली’ एवढ्याने भागत नाही. आपल्याकडच्या छापील वकीलपत्रातच ‘तडजोड करण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा अधिकार’ असे वाक्य असते आणि आपण ते न वाचता खाली सही करतो. तरीही पक्षकार उपलब्ध असताना त्याच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याचा हक्क सोडू नये, अशी सर्वोच्च न्यायालयाची पुढची भूमिका आहे. हिमालयन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या २०१५ च्या निकालात ती सविस्तर आली आहे. वकील समोरच्या पक्षाला सामील होता असा आरोप करायचा असेल तर तो मोघम करू नये. फोन, संदेश, तारखा, कोण कोणाला केव्हा भेटले, जे असेल ते मांडावे.

पक्षकारांत अठरा वर्षांखालील मूल असेल, ज्याला न्यायालयात ‘अज्ञान’ म्हणतात, तर आदेश ३२ नियम ७ पाहावा. अज्ञानाच्या वतीने पालनकर्त्याने तडजोड करण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि ती कामकाजात स्पष्टपणे नोंदलेली असावी लागते. अशी परवानगी नसेल तर ती तडजोड अज्ञानाच्या इच्छेवर मोडू शकते. इतर पक्षकार मात्र या कारणावर ती मोडू शकत नाहीत. जुन्या फाइलींत ही परवानगी कित्येकदा सापडत नाही.

अर्जात काय असावे

आदेश ६ नियम ४ प्रमाणे फसवणूक, प्रभाव, गैरकथन असे आरोप करताना तपशील, तारखांसह, लिहावे लागतात. ‘भावाने फसवून सही घेतली’ हे वाक्य म्हणजे तपशील नव्हे. कोणत्या दिवशी, कोठे, कोण काय म्हणाले, कोणता कागद म्हणून पुढे केला, सही करताना कोण होते, आणि खरे काय आहे हे केव्हा आणि कसे कळले, हे क्रमाने यावे. खोट्या सहीचा आरोप असेल तर त्याच काळातल्या निर्विवाद सह्या, म्हणजे बँकेतल्या किंवा नोंदणी कार्यालयातल्या, तुलनेसाठी मागवता येतात. अंगठ्याच्या ठशाची तपासणी तर त्याहून भरवशाची. त्या दिवशी आपण दुसऱ्या गावी किंवा परदेशात होतो, रुग्णालयात दाखल होतो, याचा कागद असेल तर तो एकटाच पुष्कळ काम करतो.

पैशाचा प्रश्न टाळू नये. तडजोडीपोटी दोन लाखांचा धनादेश घेतला, वठवला, खर्च केला आणि नंतर तडजोड मान्य नाही असे म्हटले, तर समोरचे वकील पहिला घाव तेथेच घालणार. शून्यकरणीय करार मोडणाऱ्याने मिळालेला लाभ परत करावा, असे करार अधिनियमाचे कलम ६४ सांगते. म्हणून रक्कम न्यायालयात भरण्याची तयारी अर्जातच दाखवलेली बरी. कळल्यानंतर गप्प बसणेही तितकेच घातक असते. कपट कळल्यावरही तडजोडीप्रमाणे ताबा घेतला, फेरफाराला हरकत घेतली नाही, तर त्या वागण्यालाच संमती समजले जाते. करार किंवा दस्त रद्द करून मागण्याच्या दाव्यांना मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ खाली, वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे. अर्जाच्या बाबतीत तर महिन्यांचाही उशीर समजावून सांगावा लागतो.

अर्जासोबत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती आणि जमीन विकू नये असा मनाई हुकूम मागावा. नुसता अर्ज पडून आहे म्हणून दरखास्त थांबत नाही.

लोकअदालत, महसूल कचेरी आणि बाहेरची तडजोड

तडजोड लोकअदालतीत झाली असेल तर वरचा मार्ग लागू होत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. पंजाब राज्य विरुद्ध जलौर सिंग या २००८ च्या निकालानुसार त्याला फक्त राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली उच्च न्यायालयात, आणि तेही अगदी मर्यादित कारणांवर, आव्हान देता येते. दिवाणी दावा चालत नाही, हे भार्गवी कन्स्ट्रक्शन्स प्रकरणात पुन्हा सांगितले गेले. म्हणजे जुन्नर किंवा मिरजेच्या लोकअदालतीत पाच मिनिटांत केलेली सही मोडण्यासाठी थेट उच्च न्यायालयात जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातील पक्षकारांचा मुंबईचा प्रवास वाचला, एवढाच दिलासा. या निवाड्यांत पुरावा नोंदवला जात नसल्याने, सही खोटी आहे असा आरोप असेल तर उच्च न्यायालयापुढे कागदच बोलके असावे लागतात.

तहसीलदारापुढे सर्वांचे जबाब होऊन, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली झालेले वाटप हा दिवाणी हुकूमनामा नव्हे. उत्तर प्रदेशातील महसूल न्यायालयाच्या तडजोडीबद्दल होरिल विरुद्ध केशव या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नियम ३-अ ची बंदी तेथे लागू होत नाही, कारण बनावटपणाचा प्रश्न सोडवण्याची जागा दिवाणी न्यायालय आहे. आपल्याकडेही महसुली आदेशांच्या बाबतीत हा तर्क मांडता येतो. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, हे तर सर्वमान्यच आहे.

न्यायालयाबाहेर, शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे झालेला समझोता हा केवळ करार असतो. तो रद्द करून मागण्यासाठी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३१ खाली साधा दावा लावता येतो. मध्यस्थीतून झालेल्या समझोत्यासाठी मध्यस्थी अधिनियम, २०२३ च्या कलम २८ मध्ये कपट, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीला न चालणारा विषय अशी चारच कारणे आणि ९० दिवसांची मुदत, सबळ कारण असल्यास आणखी ९० दिवस, अशी तरतूद केलेली आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात आणला जात असल्यामुळे आपल्या समझोत्याच्या तारखेला कोणते कलम लागू होते हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

नोंदणीचा एक मुद्दा अनेकदा शेवटी आठवतो. दाव्यात नसलेली स्थावर मिळकत तडजोडीत ओढली असेल तर हुकूमनाम्यांना नोंदणीतून वगळणारी नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ (२) (सहा) ची सूट तिला मिळत नाही, आणि नोंदणी न केल्यास त्या मिळकतीपुरता हक्क पोहोचत नाही. भूपसिंग विरुद्ध रामसिंग मेजर या १९९५ च्या निकालाने असेही सांगितले की हुकूमनामा आधीपासूनचा हक्क मान्य करत नसून नवाच हक्क निर्माण करत असेल तर नोंदणी लागते. घरातल्याच वारसांच्या वाटपाला याची झळ क्वचित बसते. परक्या माणसाला ‘तडजोडीने’ जमीन दिल्याचा देखावा केला असेल तर मात्र बसते.

अर्ज मंजूर झाला म्हणजे काय होते, याबद्दल अपेक्षा नीट ठेवाव्यात. हुकूमनामा रद्द होतो, जमीन मिळत नाही. मूळ दावा जेथे थांबला होता तेथून पुन्हा बोर्डावर येतो: मुद्दे निघायचे असतील तर निघतात, पुरावा राहिला असेल तर होतो, आणि हिस्सा ठरायला आणखी काही वर्षे लागतात. मधल्या काळात भावाने जमीन तिसऱ्याला विकली असेल तर त्या खरेदीदाराला पक्षकार करून घ्यावे लागते आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चा, म्हणजे दावा चालू असताना झालेल्या विक्रीच्या परिणामाचा, प्रश्न उभा राहतो. त्या कलमाला आपल्या राज्याची स्वतंत्र दुरुस्ती आहे आणि तिच्यामुळे प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याचा विचार अर्ज दाखल करतानाच करावा लागतो. कित्येक प्रकरणांत या टप्प्यावर दोन्ही बाजू दुसऱ्यांदा तडजोडीला बसतात. त्या वेळी पुरसिस लिहिताना प्रत्येक गट नंबर ताज्या उताऱ्याशी ताडून पाहावा, प्रत्येकाचा वकील वेगळा असावा, आणि न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न व दिलेले उत्तर रोजनाम्यात उतरले आहे याची खात्री त्याच दिवशी करून घ्यावी.